पाकिटावरची तीट

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की आमच्या घरात दरवर्षी एक संवाद ठरल्यासारखा होतो. माझी पत्नी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेते, तिच्यावरची धूळ पुसते, झाकण उघडून आत डोकावते आणि मला विचारते, "ही रिकामी पाकिटं यंदा तरी टाकायची का?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "नको" म्हणतो. पेटी पुन्हा माळ्यावर जाते. लग्नाला अठरा वर्षे झाली. म्हणजे हा संवाद अठरा वेळा झाला. त्यातला 'रिकामी' हा शब्द मला दर वेळी खटकतो. मी पोटासाठी मराठी शिकवतो. शब्द खटकला की त्यावर चार वाक्ये बोलल्याशिवाय मला राहवत नाही. पण घरात प्राध्यापकी चालत नाही, हे जाणून मी आजवर गप्प बसलो. ते राहून गेलेले बोलणे यंदा वाचकांपुढे बोलून घ्यावे म्हणतो.

तर, मी पाकिटे जमवतो. तीही सरसकट नव्हेत. लढाऊ जहाजांवरून, त्यातही विमानवाहू जहाजांवरून आलेली किंवा त्यांच्याकडे गेलेली. नवा परिचित हे ऐकतो तेव्हा आधी माझ्याकडे नि मग खिडकीबाहेर पाहतो. कारण आमच्या गावाला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला मोठे पाणी पाहायचे तर त्याने पैठणला जाऊन नाथसागर पाहावा. आणि घरच्या पाण्याचे म्हणाल, तर नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्याकडे सणासारखा ध्यानात ठेवावा लागतो. अशा गावातल्या मराठीच्या मास्तराने आरमाराच्या पाकिटांत जीव गुंतवावा, याचे लोकांना हसू येणारच. विद्यार्थ्यांत माझे नाव 'ॲडमिरल' पडले आहे, हे मला परवाच कळले.

तिकिटे जमवणाऱ्यांची जात निराळी, आम्हा पाकीटवाल्यांची निराळी. तिकीट नाशिकच्या छापखान्यातून लाखांनी बाहेर पडते, एकासारखे दुसरे. पण ते पाकिटावर चिकटले, पाकीट पेटीत पडले, आणि टपाल कचेरीतल्या माणसाने त्यावर धपकन शिक्का मारला, की त्या पाकिटासारखे दुसरे पाकीट जगात राहत नाही. शिक्क्याची कामे दोन. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते बाद करणे, हे पहिले. आणि अमुक गावी, अमुक दिवशी हे पत्र सरकारच्या हाती आले, अशी साक्ष देणे, हे दुसरे. या दुसऱ्या कामासाठी आम्ही पाकीटवाले वेडे होतो. एखाद्या मोठ्या प्रसंगाची म्हणून मुद्दाम छापलेली विशेष पाकिटे मिळतात. ती देखणी असतात, त्यांवरचा शिक्का स्वच्छ असतो. पण त्यांनी प्रवास केलेला नसतो. मला आवडते ते मळलेले, कोपरे झिजलेले, कुणीतरी घाईने फाडून उघडलेले पाकीट.

जहाजाच्या पाकिटांत आणखी एक गंमत आहे. अमेरिकेच्या मोठ्या लढाऊ जहाजांवर खुद्द जहाजावरच टपाल कचेरी असते आणि तिच्या शिक्क्यात जहाजाचे नाव असते. २४ जुलै १९६९ रोजी चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजाने पॅसिफिक महासागरातून उचलून घेतले. त्या तारखेचा 'हॉर्नेट'चा शिक्का असलेली पाकिटे आजही संग्राहक हौसेने मिरवतात. पण याच अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात आपल्या शिक्क्यांतून जहाजांची नावे काढून टाकली होती. कारण उघड आहे. जो शिक्का आईला सांगतो, की तुझा मुलगा अमक्या जहाजावर आहे, तोच शत्रूलाही तेच सांगतो. आपल्याकडे जहाजावरच्या माणसाला पत्र लिहायचे, ते जहाजाचे नाव घालून 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस' या पत्त्यावर. जहाज अरबी समुद्रात असो की बंगालच्या उपसागरात, पत्ता तोच. गाव आणि वेळ सांगणे हा ज्याचा धर्म, त्या शिक्क्याला इथे गावाविषयी मौन पाळावे लागते.

हे सारे मला पुस्तकांतून पुष्कळ उशिरा कळले. माझ्या छंदाची सुरुवात एका गुन्ह्यापासून आहे.

माझे अण्णाकाका 'विक्रांत'वर होते. हे जहाज १९४३ साली इंग्लंडात टाईन नदीकाठी 'हर्क्युलीस' या नावाने बांधायला घेतलेले. युद्ध संपले आणि ते अर्धवट राहिले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले, बेलफास्टला पुरे करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या उपस्थितीत ते 'विक्रांत' म्हणून आपल्या नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ते मुंबईस आले, तेव्हा पंडित नेहरू स्वागताला गेले होते. सुमारे सातशे फूट लांबीचे ते प्रकरण आमच्या काकांनी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंतचा रस्ता उचलून पाण्यात ठेवल्यासारखं" वाटले. काका १९६७ साली नौदलात शिरले. समुद्राच्या नोकरीचे शिक्षण त्यांना मिळाले लोणावळ्याच्या डोंगरात, 'आय. एन. एस. शिवाजी'मध्ये, कारण इंजिनखात्याची शाळा तिथे आहे. पुढे 'विक्रांत'वर त्यांची जागा बॉयलरपाशी, जहाजाच्या पोटात. "समुद्रावर इतकी वर्षं होतो," ते म्हणत, "पण समुद्र पाहायला वरती जायला लागायचं."

त्यांची पत्रे आमच्या जुन्या वाड्यात येत. मुंबईहून निघालेली डाक मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळावरून तेव्हाच्या औरंगाबादला पोचे. आजीला अक्षरओळख नव्हती. ती पत्राला 'कागद' म्हणे. पोस्टमनने आणलेल्या चार कागदांतून काकांचा कागद ती अचूक उचली. अक्षर वाचून नव्हे. त्यावरचा काळा वाटोळा शिक्का पाहून. इतर पत्रांवरचे शिक्के निराळे, हा निराळा, एवढे तिच्या नजरेत बसले होते. कुणीतरी तिला विचारले, की आजी, हे काळे काय असते? तर ती म्हणाली होती, "सरकार तीट लावतंय कागदाला. एवढ्या दुरून येतोय, नजर लागू नये म्हणून."

पत्र वाचून झाले की ते घरात राहत नसे. ते पैठणच्या आत्याकडे जाई, तिथून मामांकडे, आणि बहुधा परत येत नसे. आजीकडे राही ते पाकीट. अशी पाकिटे तिने एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली होती. पत्रे गेली ती गेली, पाकिटे आपली, असा तिचा हिशेब असावा.

१९९० सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा होतो. काका निवृत्त होऊन गावी आले होते आणि वाळूजच्या एका कारखान्यात बॉयलरच सांभाळत होते. आमच्या वर्गात तेव्हा तिकिटे जमवण्याची साथ आली होती आणि माझ्या वहीत सारी मिळून नऊ तिकिटे होती. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आजीचे फडके माझ्या हाती लागले. वीस पैशांच्या तिकिटावरचे ते नॅट विमान मी ओळखले. ते हवाई दलाचे. 'विक्रांत'वरची सी हॉक आणि अलिझे निराळी. पण मला विमानाशी मतलब. मी कात्री घेतली. एकेका पाकिटाचा तिकिटाचा कोपरा कापला, कोपरे घंगाळातल्या पाण्यात भिजत घातले, तिकिटे अलगद सोडवून वर्तमानपत्रावर वाळत घातली. एकतीस तिकिटे झाली. आणि उरलेली पाकिटे पहाटे बंब पेटवताना उपयोगी पडतील म्हणून, मोठ्या शहाणपणाने, बंबाजवळ नेऊन ठेवली.

पहाटे आई कंदिलाच्या उजेडात बंब पेटवत होती. सुवासिक तेलाची वाटी घेऊन आजी बाहेर आली. बंबाच्या तोंडाशी शेवटची दोन-तीन पाकिटे वळवळून काळी होत होती. ती तिला ओळखू आली. तिने मला पाहिले, वर्तमानपत्रावरची तिकिटे पाहिली. शिक्के तिकिटांच्या कडेला चंद्रकोरीएवढे उरले होते. बाकीचा वर्तुळाचा भाग पाकिटाबरोबर गेला होता. ती रागावली नाही. ती रागावली असती तर मी ते विसरलो असतो. ती म्हणाली, "तीट गेली की रे." एवढेच. मग तिने मला पाटावर बसवले आणि डोक्याला तेल लावले. तिचा हात रोजच्यासारखाच होता. मला मात्र त्या पाण्याने ऊब आली नाही.

आजी १९९९ साली गेली. देवघर आवरताना देवांच्या पाटाखाली आईला एक पाकीट मिळाले. फडक्यातल्या पाकिटांपासून आजीने ते वेगळे ठेवले होते, म्हणूनच ते माझ्या कात्रीतून वाचले. शिक्का अर्धवट उमटलेला: महिना डिसेंबर, साल १९७१, तारीख शाईत बुडालेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. हस्तलिखिते कशी वाचावी, शंकास्थळे कशी सोडवावी, हे वर्गात शिकत होतो. ती सारी विद्या मी त्या तारखेवर खर्च केली. भिंग आणले, निरनिराळ्या उजेडांत पाकीट धरून पाहिले. काही केल्या तारीख बोलेना. माझ्या पेटीतले ते पहिले पाकीट. पुढची सगळी त्याच्या आधाराने जमली.

डिसेंबर १९७१ म्हणजे युद्धाचा महिना. त्या दिवसांत आजी मुंबईची काळजी करीत असे. पत्त्यात मुंबई होती ना! मुंबईत रात्री दिवे मालवतात असे तिने ऐकले, की इकडे तिचा जीव खालीवर होई. प्रत्यक्षात 'विक्रांत' मुंबईत नव्हते. चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. जहाज पुऱ्या वेगाने पळवता येत नव्हते. ते पूर्वेकडे नेले आणि अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आडोशाला दडवून ठेवले. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी त्याच्या शोधात बंगालच्या उपसागरात शिरली होती. तिला चकवण्यासाठी 'राजपूत' हे जुने जहाज विशाखापट्टणमबाहेर पाठवले आणि जणू तेच 'विक्रांत' असल्यासारखे बिनतारी संदेश त्यावरून सोडले. पूर्व विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी हा डाव पुढे सविस्तर सांगितला आहे. त्यात एक संदेश मुद्दाम उघड्या भाषेत पाठवला होता: जहाजावरच्या एका खलाशाची आई फार आजारी आहे, तिची प्रकृती कशी आहे, अशी खाजगी तार. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ४ तारखेला 'विक्रांत'ची विमाने कॉक्स बझार आणि चितगावावर गेली. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली.

ही तारेची गोष्ट मी पुस्तकात वाचली आणि धावत काकांकडे गेलो. ते २०१४ साल होते. 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले होते. २००१ पासून २०१२ पर्यंत ते मुंबईत तरंगते संग्रहालय होते, आणि आता भंगारात निघून दारूखान्याच्या धक्क्याला लागले होते. काका आठवडाभर कुणाशी नीट बोलत नव्हते. मी तारेचे सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "त्या आईचा आजार साऱ्या समुद्राला ऐकवला. माझ्या आईचा मात्र मला कुणी कळवला नाही."

मला काही उमगेना. मग ते उठले आणि कपाटातून एक पुडके घेऊन आले. आजीने सांगितलेली आणि शेजारच्या गुरुजींनी लिहून दिलेली, इकडून जहाजावर गेलेली पत्रे. त्यांनी ती पाकिटांसकट जपली होती. गुरुजी रविवारी लिहीत, माझे वडील सोमवारी जुन्या बाजारातल्या टपाल कचेरीत टाकीत. पाकिटांवरचे शिक्के स्वच्छ होते: गाव औरंगाबाद, वार धरून सोमवार. १५ नोव्हेंबर १९७१ च्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाजवळ पाच पैशांचे एक जास्तीचे तिकीट आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी त्या दिवसापासून ते लावावे लागे. घाईत काम भागवायचे म्हणून कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असे छापून घेतले होते. पुढचे पाकीट २२ नोव्हेंबरचे. त्याच्या पुढचे एकदम २० डिसेंबरचे. त्यावर निर्वासितांचे चित्र असलेले नवे तिकीट.

"मधे तीन सोमवार नाहीत," काका म्हणाले. "टपालाची थैली आम्हाला महिनाअखेरीस मिळाली. मी पाकिटं बंकवर तारखेनं लावली. पत्रात लिहिलेलं, आम्ही सर्व खुशाल आहोत. पण तीन सोमवार खाडा! म्हातारी सोमवार चुकवणारी नव्हती. मला तिथंच कळलं."

आजीला त्या महिन्यात मुदतीचा ताप आला होता. "लेकराला आजाराचं लिहू नका, ते तिकडं लढाईत हाय," असे तिने सगळ्यांना बजावले होते. बरी झाल्यावर तिने पहिले पत्र सांगितले, त्यात पाऊसपाणी होते, गाय व्यायल्याचे होते, तापाचे अक्षर नव्हते. काकांनी उलट टपाली वडिलांना खडसावून विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. म्हणजे मजकूर लपवत होता, आणि शिक्के सांगत होते. मायलेकांपैकी एकाने आपण कुठे आहोत ते लपवले, दुसरीने आपण कशा आहोत ते. दोघांनाही एकमेकांचे खरे कळले असेल, तर ते त्या काळ्या वाटोळ्या खुणेवरून; तिने ती पाहून "आला कागद" म्हणायचे, म्हणजे लेक आहे; आणि त्याने ती मोजायची, म्हणजे आई आहे.

पुडके काकांनी मला दिले. मी घेईना. फडक्यातल्या पाकिटांचे काय झाले, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले. चोवीस वर्षे घशाशी राहिलेले ते बोलणे दोन मिनिटांत संपले. ते म्हणाले, "आई बोलली होती मला." आणि जरा थांबून, "पोराला आवड आहे म्हणाली. तूच सांभाळ हे."

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'विक्रांत' तोडायला सुरुवात झाली. १९६१ साली पंतप्रधान ज्याच्या स्वागताला गेले ते जहाज वजनावर गेले. त्याच्या धातूचा अंश घालून बजाजने २०१६ साली एक मोटारसायकल काढली. आमच्या वाळूजकडच्या रस्त्यावर ती दिसली, की काका मान वळवून पाहत राहत. कोचीला बांधलेले नवे 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आले. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरची अष्टकोनी आकृती शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. काका दूरचित्रवाणीवर तो सोहळा पाहत होते. मी म्हटले, "काका, शिक्काच आहे हा." ते म्हणाले, "हो, पण बॉयलर नाहीत रे त्याला." खरेच आहे, नवे जहाज गॅस टर्बाइनवर चालते.

त्या एकतीस तिकिटांची वही अजून माझ्यापाशी आहे. प्रत्येक तिकिटाच्या कडेला शिक्क्याची एक काळी कोर आहे. पूर्वी मी त्या कोरी जुळवून कुठे एखादी तारीख, एखादे अक्षर पुरे होते का, ते पाहत बसे. होत नाही. उरलेली वर्तुळे बंबात गेली. देवघरातल्या पाकिटावरची बुडालेली तारीखही मी आता भिंगाखाली धरत नाही. ज्या बाईसाठी ते पाकीट आले, तिला तारीख वाचता येत नव्हती आणि तरी तिचे काही अडले नाही.

वाचकांच्या घरची झाडलोट हा अंक हाती पडेपर्यंत आटोपली असेल. तरी माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, पोथीच्या पानांत एखादे जुने पाकीट राहिले असेल, तर त्याचे तिकीट कापू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका, आणि आत पत्र नाही म्हणून ते टाकू नका. आधी शिक्का पाहा. घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्या हातात ते पाकीट द्या आणि जरा वेळ गप्प बसा.

आमच्याकडे मात्र यंदा थोडा फरक पडला. पत्नीने पेटी खाली घेतली, पुसली, झाकण उघडले, आणि आत पाहत म्हणाली, "ही पाकिटं यंदा टाकायची का?" प्रश्न तोच होता. 'रिकामी' तेवढे गळले होते. ते चुकून की जाणून, हे मी विचारले नाही.